प्लॉट आपला, वाट कुणाची?

चंद्रपूरच्या कडेला शेत मोडून ले-आऊट पडतो, तेव्हा रस्त्यालगतचे प्लॉट पैसेवाले घेतात. मागचे, स्वस्त, आपल्या वाट्याला. गावकुसाबाहेरचा माणूस शहरातही मागेच. म्हणून मी सांगतो : विकणाऱ्याने तोंडी दाखविलेला रस्ता हा रस्ता नव्हे. तो मंजूर नकाशात आखलेला, आपल्या प्लॉटला भिडलेला आणि खरेदीखताच्या चतुःसीमेत लिहिलेला हवा. वाट अडली तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. पण त्यात तहसीलदार बांधावरून वाट देतो ती शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी. वस्तीत रुग्णवाहिका शिरेल एवढी रुंदी आखणीतच सोडावी लागते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने प्लॉट नियमित होऊ शकतो. न सोडलेली जागा मात्र कायदा निर्माण करीत नाही. वाट ही मेहरबानी नव्हे, हक्क आहे. तो सही करण्यापूर्वी कागदावर मागा.