अफूचें बंधन व त्यावरील उपचार

अफूच्या बोंडास चिरा पाडल्या असतां जो चीक स्रवतो, तोच वाळून अफू होतो. त्यांतील मुख्य सत्त्व मॉर्फीन. वेदनाशमनाच्या कामीं त्याच्या तोडीचें औषध विरळा. परंतु त्यापासूनच सिद्ध केलेलें हेरॉईन १८९८ पासून बायर कंपनीनें चक्क खोकल्यावरील औषध म्हणून विकलें, हें वाचून हसावें कीं रडावें!

व्यसनी म्हणजे केवळ मनाचा दुबळा, हा समज अपुरा आहे. या द्रव्यांना ग्रहण करणारीं स्थानें आपल्या मेंदूंत मुळांतच असतात, असें १९७३ सालीं आढळून आलें. नित्य सेवनानें तीं बधिर होतात, मात्रा वाढवावी लागते, आणि ती चुकली कीं अंगदुखी, जुलाब व निद्रानाश मनुष्यास भंडावून सोडतात. मग तो सुखासाठीं नव्हे, तर या यातना टळाव्या म्हणून घेऊं लागतो.

म्हणून त्यास कोंडून ठेवणें हा उपचार नव्हे. कांहीं दिवस व्यसन सुटलें कीं शरीराची सहनशक्ति उतरते. अशा वेळीं मोहानें पूर्वींचीच मात्रा घेतली तर श्वास मंदावून प्राण जातो. ही गोष्ट घरच्यांस सहसा ठाऊक नसते. डॉक्टर ब्युप्रेनॉर्फीन किंवा मेथॅडोन ठराविक मात्रेनें देऊन ओढ आवरतात, व रोगी कामधंद्यास लागतो. हीं औषधें कित्येकांस वर्षानुवर्षें घ्यावीं लागतात. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पुण्याचें मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीच्या कार्यास वाहिलेलें आहे. सरकारच्या १४४४६ या दूरध्वनिक्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. रोगी स्वतः तयार नसेल, तर घरच्यांनींच प्रथम विचारावें.