आंब्यातली अळी आणि तुळशीचा वास

वैशाखात नवी मुंबईत वाशीच्या बाजार समितीत गेलात तर हापूसच्या पेट्यांची थप्पीवर थप्पी दिसेल. त्यातला एखादा आंबा वरून सोन्यासारखा, पण सुरी लावली की आत पांढरी अळी वळवळते. घरातली पोरे विचारतात, ही आत शिरली कुठून?

अळी शिरत नाही, आतच जन्मते. फळमाशीची मादी पाडाला आलेल्या फळाच्या वासावर येते आणि शेपटाकडच्या सुईने सालीखाली अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघून गर पोखरतात. फळ गळते, अळी मातीत उतरून कोष करते.

या किड्यापायी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून, ऐन हंगामात, आपला आंबा बंद केला. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. परदेशी जाणाऱ्या आंब्यावर आता त्या त्या देशाच्या नियमाप्रमाणे गरम पाण्याची, वाफेची किंवा विकिरणाची प्रक्रिया करावी लागते. खर्च अर्थातच मालावर बसतो.

माशीला नाक नाही, ती मिशांनी वास घेते. बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ साली लिहून ठेवले की, सिट्रोनेला तेलाच्या वासावर नरमाश्या झुंबड करतात. १९१५ मध्ये त्यांनी मिथाइल युजेनॉलची ओढ दाखवली. हे द्रव्य आपल्या दारच्या तुळशीतही असते! नर ते चाटतो आणि तिन्हीसांजेला त्यापासून बनवलेला गंध सोडून मादीला बोलावतो. नवरदेवाने अत्तर लावावे तसलाच प्रकार.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच गंधावर चालतो. नर त्यात मरतात, मग माद्यांची अंडी फळत नाहीत. पण सापळ्यात मादी येत नाही, हे विसरू नये. शेजारच्या बागेत फळलेली मादी उडत येऊन आपल्या आंब्यावर बसतेच. म्हणून सापळे सगळ्या वाडीने एकदम लावावेत.

माशीच्याही मागावर कोणी आहे. एक बारीक गांधीलमाशी अंडी घातलेल्या फळाचा वास काढत येते आणि माशीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. पुढे कोषातून माशीऐवजी गांधीलमाशी निघते. हवाई बेटांत १९४० च्या दशकाच्या अखेरीस असे कीटक मुद्दाम नेऊन सोडले होते.

आपल्या हाती सोपे काम एकच. गळलेला आंबा झाडाखाली कुजू देऊ नये, रोजच्या रोज वेचून खोल खड्ड्यात पुरावा. उकिरड्यावर टाकलात तर तिथूनच पुढची पिढी उडते.