आंदोलनातील अल्पवयीन आणि प्रौढांचे दायित्व
30 जुलै 2018 रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकण येथे हिंसक वळण लागून बसगाड्या जाळल्या गेल्या. अशा जमावात अठरा वर्षांखालील मुलगा सापडल्यास 2015 च्या बाल न्याय अधिनियमानुसार तो 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे कायद्याचे उल्लंघन केल्याचा आरोप असलेले मूल, ठरतो आणि त्याला बाल न्याय मंडळापुढे नेले जाते. याच अधिनियमाचे कलम 83 मात्र बेकायदा कृत्यांसाठी मुलांना वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड सांगते. केवळ पालक असल्यामुळे आईबाप गुन्हेगार ठरत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेल्या बापाला मुलगा कोणत्या चौकात घोषणा देतो आहे याचा पत्ता नसतो. मुलाच्या हाती दगड देणाऱ्याला मात्र ही सबब सांगता येत नाही.