पटावर फक्त तीन मोहरी

नागपूरच्या दिव्या देशमुखने 28 जुलै 2025 रोजी बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत कोनेरू हंपीसोबतचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला.

धाराशिव-तुळजापूरच्या पोरांनो, दिव्यासारखं खेळायचं असेल तर ओपनिंग पाठ करण्याआधी ही स्थिती मांडाच: पांढरा राजा ई5, प्यादं ई4, काळा राजा ई7. चाल काळ्याची असेल तर त्याच्या राजाला वाट सोडावीच लागते, पांढरा राजा पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. चाल पांढऱ्याची असेल तर मात्र बरोबरी! मला हे अजूनही विलक्षण वाटतं.

आता तिन्ही मोहरी एकेक घर वर सरकवा. चाल कुणाचीही असो, पांढराच जिंकतो. का, ते इंजिन न लावता शोधा.