फुगा, धमनी आणि सैल दोरा

जत्रेत मिळणारा लांबट, काकडीसारखा फुगा फुंकायला घेतला, की तो सगळीकडून सारखा फुगत नाही. एका जागी टम्म गोळा येतो आणि उरलेली नळी लुळीच राहते. धमन्याही लवचिक नळ्याच आहेत. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा त्यांत रक्त ढकलते. मग त्यांना असे गोळे का येत नाहीत?

आधी फुग्याचे पाहू. पहिली फुंकर जड जाते, पुढच्या सोप्या जातात, हे लहान मुलालाही ठाऊक असते. कारण भूमितीत आहे. नळीच्या भिंतीला बसणारी ओढ म्हणजे आतला दाब गुणिले नळीची त्रिज्या. हा नियम लाप्लासच्या नावाने ओळखला जातो. दाब सगळीकडे सारखाच, पण जी जागा किंचित रुंद झाली तिला ओढ जास्त. ती आणखी ताणते, म्हणून आणखी रुंद होते, म्हणून ओढ आणखी वाढते. या चक्राला रोखण्याइतके रबर वेळेवर कडक होत नाही.

पोटातल्या महाधमनीचा व्यास साधारण 2 सेंटिमीटर. रक्तदाब 120 असताना तिच्या भिंतीच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीला सुमारे 160 ग्रॅम वजनाइतकी ओढ बसते. केशवाहिनीत दाब कमी आणि त्रिज्या तर नगण्य, त्यामुळे तिथली ओढ याच्या दहा हजारांश. म्हणूनच एका पेशीच्या जाडीच्या भिंतीवर तिचे भागते.

महाधमनीचे तेवढ्यावर भागत नाही. तिच्या भिंतीत दोन प्रकारचे तंतू असतात: रबरासारखे ताणणारे इलॅस्टिन आणि जवळजवळ न ताणणारे कोलॅजेन. कोणाचे काम काय, हे कॅनडातल्या मार्गो रोच आणि अ‍ॅलन बर्टन यांनी 1957 साली मोठ्या युक्तीने दाखवले. मृतदेहांतून काढलेल्या काही धमन्यांतले इलॅस्टिन त्यांनी ट्रिप्सिनने पचवून टाकले, काहींतले कोलॅजेन फॉर्मिक आम्लाने काढले, आणि उरलेल्या नळ्या ताणून पाहिल्या. कोलॅजेन गेलेली धमनी मऊपणे ताणत राहिली. इलॅस्टिन गेलेली ताठ निघाली. अखंड धमनी सुरुवातीला पहिलीसारखी वागते, नंतर दुसरीसारखी.

पायजम्याच्या इलॅस्टिकवर एक सैल दोरा टाचला आहे अशी कल्पना करा. थोडे ओढले तर इलॅस्टिक ताणते, दोऱ्याला पत्ताही लागत नाही. आणखी ओढले, की दोरा ताठ होतो आणि पट्टी अडते. कोलॅजेनचे तंतू असेच नागमोडी, सैल पडलेले असतात. धमनीची एखादी जागा रुंद होऊ लागताच ते सरळ होतात आणि ते चक्र तिथेच तुटते.

अडचण अशी, की इलॅस्टिन बहुतेक सगळे जन्माआधी आणि बालपणीच तयार होते. पुढे आयुष्यभर तीच पुंजी वापरायची. ते तुटत गेले आणि कोलॅजेनही कमकुवत झाले, तर महाधमनीला खरोखरच फुगा येतो. आइन्स्टाइनला तो आला होता. डिसेंबर 1948 मध्ये रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने त्याभोवती चक्क सेलोफेन गुंडाळले. आज हसू येईल, पण विचार पक्का होता: त्या परक्या कागदाभोवती शरीर व्रणाची जाड ऊती घालते, आणि व्रण म्हणजे मुख्यतः कोलॅजेन. थकलेल्या भिंतीला बाहेरून नवा दोरा टाचण्याचाच तो प्रकार. तो सहा वर्षांहून अधिक टिकला. एप्रिल 1955 मध्ये फुगा फुटला. आइन्स्टाइनने दुसरी शस्त्रक्रिया नाकारली आणि 18 तारखेला, वयाच्या 76 व्या वर्षी, ते गेले.

आता पुरुषांमध्ये हा व्यास 5.5 सेंटिमीटरवर गेला, की सहसा शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्या घडीला, रक्तदाब तोच असला, तरी भिंतीवरची ओढ मूळच्या पावणेतीनपट झालेली असते. दाबाच्या गोळ्या गुणाकारातला एकच आकडा कमी करतात. त्रिज्या मागे फिरत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत हा विकार कितीतरी अधिक, आणि फुटेपर्यंत तो बहुधा दुखत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये पुरुषांना 65 व्या वर्षी पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावतात. तपासणी काही मिनिटांची असते आणि तिच्यात मोजायचा असतो फक्त एक व्यास.