चुकलेली किंमत

जुन्या पद्धतीच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये एक फळी असते. फळीच्या एका बाजूस गिऱ्हाईक उभे राहते, दुसऱ्या बाजूस वाणी बसतो. साखर मागितली की वाणी उठतो, तागडी हाती घेतो, पुडी बांधतो आणि तोंडाने भाव सांगतो. भाव सांगणारा आणि भाव ऐकणारा समोरासमोर असतात. वाण्याने चुकून कमी भाव सांगितला, तर बहुधा त्याचे त्यालाच उमगते. जास्त सांगितला, तर गिऱ्हाईक त्याला सोडीत नाही. चूक होते ती दोघांच्या देखत होते आणि फळीवरच निस्तरली जाते.

ही फळी १९१६ साली एका माणसाने काढून टाकली. अमेरिकेतील टेनेसी राज्यात मेम्फिस नावाचे शहर आहे. तेथील क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने ‘पिगली विगली’ असे गमतीदार नाव असलेले एक दुकान उघडले. ग्राहकाने टोपली घेऊन स्वतः आत शिरावे, मांडण्यांवरील माल स्वतः निवडावा आणि जाताना एकदाच पैसे द्यावेत, अशी तेथे व्यवस्था होती. वस्तू काढून देणारा नोकर उरला नाही, तेव्हा भाव सांगणारे तोंडही उरले नाही. म्हणून प्रत्येक वस्तूची किंमत लिहून लावणे भाग पडले. पुढे अशा दुकानांचा विस्तार होऊन सुपरमार्केट अस्तित्वात आले. हजारो वस्तू, शेकडो ग्राहक आणि मालकाचे कोठे दर्शनही नाही, असे हे दुकान केवळ चिठ्ठ्यांच्या भरवशावर चालू लागले.

चिठ्ठीवर आलेली किंमत पुढे यंत्रात गेली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी, मार्श नावाच्या सुपरमार्केटात, च्युइंग गमचे एक पाकीट यंत्रासमोर धरण्यात आले. त्यावरील काळ्या उभ्या रेघा यंत्राने प्रकाशाच्या साहाय्याने वाचल्या आणि ६७ सेंट ही किंमत हिशेबात धरली. आज सर्वत्र दिसणाऱ्या बारकोडवरून झालेली ही पहिली विक्री मानली जाते.

या रेघांत किंमत लिहिलेली असते, असा पुष्कळांचा समज असतो. तो सामान्यतः खरा नाही. रेघांत असतो तो केवळ एक क्रमांक. वर्गाच्या हजेरीपटावर प्रत्येक विद्यार्थ्याला क्रमांक असतो, परंतु त्या क्रमांकावरून त्याचे गुण कळत नाहीत. त्यासाठी शिक्षकांची गुणांची वही उघडावी लागते. बारकोडचेही तसेच आहे. यंत्र क्रमांक वाचते, संगणकातील वही उघडते आणि त्या क्रमांकापुढे जी किंमत लिहिलेली असेल ती पावतीवर उतरविते.

क्रमांक वाचण्यात चूक होऊ नये, म्हणून मोठी खबरदारी घेतलेली असते. भारतात नोंदलेल्या वस्तूंचा क्रमांक तेरा आकडी असून तो ८९० पासून सुरू होतो. त्यातील शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून एका ठरावीक रीतीने काढतात. पहिला, तिसरा, पाचवा असे आकडे जसेच्या तसे घ्यावयाचे. दुसरा, चौथा, सहावा असे आकडे तिप्पट करून घ्यावयाचे. सर्वांची बेरीज करावयाची आणि ती पुढच्या पूर्ण दहापर्यंत नेण्यास जो आकडा लागेल, तो शेवटी लिहावयाचा. घरातील बिस्किटांच्या पुड्यावर हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. यंत्राने एखादा आकडा चुकीचा वाचला, तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक स्वीकारीत नाही.

इतक्या खबरदारीतही एक मोठे छिद्र राहून जाते. क्रमांक बरोबर आहे की नाही, हे यंत्र ताडून पाहते; किंमत बरोबर आहे की नाही, हे त्याला ताडता येत नाही. नोंद करणाऱ्याने ६५० च्या जागी ६५ लिहिले, तर यंत्र निमूटपणे ६५ रुपयेच मागते. कधी दशांशचिन्ह एक घर सरकते, कधी किलोचा भाव नगाला लागतो, कधी सवलतीची मुदत संपून गेली तरी मांडणीवरील चिठ्ठी काढावयाची राहते. आणि मौज अशी की, रात्री गल्ला मोजताना एक पैसाही कमी भरत नाही. कारण यंत्राने जेवढे मागितले तेवढे आलेलेच असतात. त्या दिवसाच्या जमाखर्चात ती चूक दिसतच नाही. जो ग्राहक वस्तू हातात घेऊन किंमत पाहतो, पुष्कळदा त्याला एकट्यालाच ती दिसते.

त्याने काय करावे? हा प्रश्न एकदा फार मोठ्या रूपात सिंगापूरच्या न्यायालयापुढे आला. ते दुकान इंटरनेटवरील होते. तेथे मांडणी पडद्यावर असते, एवढाच काय तो फरक.

२००३ सालच्या जानेवारी महिन्यात त्या दुकानाशी संबंधित असलेला एक कर्मचारी संगणकात किमती भरण्याच्या नव्या रीतीचे प्रात्यक्षिक करीत होता. सरावासाठी त्याने काही काल्पनिक आकडे भरले आणि ते चुकून खऱ्या विक्रीच्या पानावर जाऊन बसले. ३,८५४ सिंगापूर डॉलर किमतीचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला. पाच दिवस दुकानात कोणाच्याही हे ध्यानी आले नाही. १३ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर मात्र एका तरुणाला ती किंमत समजली. त्याने मित्राला कळविले, त्या मित्राने आणखी मित्रांना. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटरांची मागणी नोंदविली. बाजारभावाने तो माल सुमारे ६२ लाख डॉलरांचा होता. या मित्रांना तो एक लाख सहा हजार डॉलरांच्या आतच पडणार होता. यंत्राला यात काहीच वावगे वाटले नाही. त्याने प्रत्येकाला मागणी स्वीकारल्याचे पत्र तत्काळ पाठवून दिले.

सकाळी चूक उघडकीस आली आणि दुकानाने माल देण्याचे नाकारले. तेव्हा सहाही मित्र न्यायालयात गेले. त्यांच्यांत कायदा शिकलेलेही होते. त्यांची बाजू वरवर पाहता बिनतोड होती. किंमत दुकानानेच लिहिली, ग्राहकांनी ती मान्य केली, दुकानाने लेखी होकार दिला. व्यवहार पुरा झाला. दुकानाच्या निष्काळजीपणाची भरपाई ग्राहकांनी का करावी?

२००४ साली न्यायाधीश व्ही. के. राजा यांनी या प्रकरणाचा निकाल दिला. दुकानाची चूक झाली की नाही, हा वादाचा विषयच नव्हता. ती झाली होती. चूक आहे हे त्या सहा जणांना व्यवहार करताना ठाऊक होते काय, हा खरा प्रश्न होता. त्यांच्यापैकी काहींनी त्याच रात्री इतर ठिकाणी प्रिंटरची खरी किंमत शोधून पाहिली होती. शिवाय एकेका माणसाला शेकडो प्रिंटर कशासाठी हवे होते? ६६ डॉलर हीच खरी किंमत आहे असे ज्याला मनापासून वाटते, तो सकाळ होण्याची वाट पाहू शकतो. ज्याला सकाळी ती किंमत नाहीशी होईल अशी धास्ती असते, तोच अपरात्री घाई करतो. मित्रांना चूक ठाऊक होती, असा निर्णय देऊन न्यायाधीशांनी तो व्यवहार रद्द ठरविला. २००५ साली वरच्या न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

हे तत्त्व संगणकाच्या युगात जन्मलेले नव्हे. १९३९ साली लंडनच्या न्यायालयापुढे अर्जेंटिनातील सशांच्या कातड्यांचा एक खटला आला होता. त्या व्यापारात भाव नगावर ठरत असे आणि बोलणीही नगाच्याच भावाने झाली होती. परंतु विकणाऱ्याने पत्रात चुकून तोच भाव पौंड वजनाला लिहिला. एका पौंडात सुमारे तीन कातडी बसत. म्हणजे माल जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या किमतीत जाणार होता. घेणारा त्याच धंद्यातला. त्याला ही चूक कळली नसेल, हे न्यायालयाला पटले नाही आणि त्याचा दावा फेटाळला गेला.

पण याचा अर्थ स्वस्त किंमत दिसली की ग्राहकाने दचकून मागे सरावे, असा मुळीच नाही. २००२ सालच्या जानेवारीत ब्रिटनमध्ये कोडॅक कंपनीच्या संकेतस्थळावर ३२९ पौंडांचा कॅमेरा १०० पौंडांना दिसत होता. पुष्कळांनी तो मागविला. कंपनीने प्रथम चुकीचे कारण सांगून नकार दिला. परंतु ग्राहकांनी आग्रह धरल्यावर तिने त्याच किमतीत कॅमेरे दिले. नाताळनंतरच्या दिवसांत तिकडे दुकाने मोठमोठ्या सवलती देतात. तेव्हा ही किंमत खरी असेल, असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटणे शक्य होते. ६६ डॉलरांच्या प्रिंटरविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

न्यायालयापर्यंत जाणारी प्रकरणे विरळाच. रोजच्या चुका लहान असतात. समजा, एखाद्या सुपरमार्केटात ६५० रुपयांचा तुपाचा डबा ६५ रुपयांना लागला आहे. एका गृहिणीने महिन्याचा बाजार भरला, पैसे दिले आणि पावती न वाचताच ती घरी गेली. तिच्याकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. दुसऱ्या ग्राहकाने पैसे देताना पडद्यावरील ६५ हा आकडा पाहिला, तो क्षणभर थांबला आणि गप्प राहिला. तिसऱ्याला मांडणीपाशीच हे उमगले. त्याने चार डबे उचलले आणि भावाला दूरध्वनी करून बोलावून घेतले. लोक तिसऱ्याला हावरट म्हणतात आणि दुसऱ्याला सोडून देतात. वास्तविक डब्यांची संख्या सोडली, तर त्या दोघांत फारसा फरक नाही. आपण देत आहोत ती किंमत दुकानदाराच्या मनातली नाही, हे दोघांनाही कळलेले आहे.

अशा वेळी एक समर्थन हमखास ऐकू येते: एवढे मोठे दुकान, त्याचे काय जाते? किराणा व्यापारात उलाढाल मोठी दिसली तरी नफा बारीक असतो. शंभर रुपयांच्या विक्रीवर दोन रुपये सुटतात असे धरले, तर त्या एका डब्यावर बुडालेले ५८५ रुपये भरून काढण्यास २९,२५० रुपयांचा माल विकावा लागेल. पण हे गणितही बाजूस ठेवू. ज्याला हे समर्थन पटते, त्याच्याकडून दुकानाने कधी दहा रुपये जास्त घेतले आणि वर ‘तुमच्यासारख्या पैसेवाल्या माणसाला दहा रुपयांचे काय?’ असे ऐकविले, तर तो ते ऐकून घेईल काय?

दुकाने जास्त पैसे घेतात, हेही खरेच आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९६ साली सरकारी यंत्रणांनी अनेक दुकानांतून हजारो वस्तूंच्या किमती तपासल्या. शंभरांतील सुमारे पाच वस्तूंच्या बाबतीत लिहिलेली किंमत आणि यंत्राने लावलेली किंमत यांत तफावत निघाली. यंत्र जास्त पैसे घेते, अशी लोकांची तक्रार होती. प्रत्यक्षात कमी घेतल्याच्या चुका जास्त घेतल्याच्या चुकांपेक्षा किंचित अधिकच आढळल्या. ओरड एका बाजूचीच झाली, कारण दुसऱ्या बाजूच्या चुका ज्यांना कळल्या असतील त्यांना तक्रार करण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील मिशिगन राज्याने २०११ साली असा कायदा केला की, लावलेल्या किमतीपेक्षा यंत्राने जास्त पैसे घेतले, तर ग्राहकाला ती रक्कम परत मिळावी आणि तिच्या दहापट बक्षीसही मिळावे. मात्र हे बक्षीस एका डॉलरहून कमी आणि पाच डॉलरांहून अधिक असू नये. दुकानाजवळ माणसे आहेत, यंत्रे आहेत, हिशेबनीस आहेत. त्याच्यावर कायद्याचा हात अधिक जड पडावा, हे न्यायाचेच आहे.

भारतात ग्राहकाच्या रक्षणाची एक सोपी सोय आहे. पुड्यावर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असते आणि तिच्यापेक्षा जास्त घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. पावती आणि पुडा शेजारी ठेवले की ग्राहकाला अशी चूक स्वतःच पकडता येते. कमी लागलेल्या किमतीविषयी मात्र दुकानदाराच्या हाती असे काही नसते, कारण छापील किमतीपेक्षा स्वस्त विकण्याची त्याला मोकळीक आहे. ६५ रुपये ही आजची सवलत आहे की कोणाची चूक, हे पुड्यावरून कोणालाच सांगता येत नाही. गल्ल्यावरील मुलीलाही ते ठाऊक नसते. ती सकाळपासून पडद्यावर उमटेल तो आकडा घेत असते आणि तिच्यासमोर रांग वाढत असते.

एखादा ग्राहक थांबून विचारतो, “या तुपाला आज सवलत आहे का?” मागच्या रांगेतील दोघे-तिघे कपाळाला आठ्या घालतात. मुलगी हात वर करून व्यवस्थापकाला बोलाविते. तो डबा उलटून पाहतो, मांडणीवरील चिठ्ठी पाहून येतो आणि संगणकासमोर बसून त्या क्रमांकापुढील राहून गेलेले शून्य लिहितो. एवढ्यास दोन-तीन मिनिटे लागतात. ग्राहक तुपाचा डबा घेतो किंवा महाग वाटला म्हणून परत ठेवतो. रांग पुढे सरकते.