नजरेची उडी आणि बारावं गुणसूत्र

वाचताना नजर ओळीवरून सरळ घरंगळत नाही, उड्या मारते. सेकंदाला तीन-चार, आणि एकेक उडी पापणी लवायच्या आत संपलेली.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्याकडे आलेल्या काही रुग्णांना ही उडी जमत नव्हती. चालताना तोल जाणं इतरही आजारांत दिसतं. यांची नजर मात्र संथ सरकायची, बाजूला पाहायचं तर मान वळवावी लागायची. वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी 1971 मध्ये अशा नऊ कुटुंबांची हकिगत ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडली: आजार आनुवंशिक आहे, आणि निराळा आहे. तेव्हा एमआरआय नव्हतं. रुग्णाला नीट पाहणं, हीच तपासणी!

जनुक सापडायला पुढं 25 वर्षं गेली. 1996 मध्ये तीन गटांनी एकदमच ते बाराव्या गुणसूत्रावर गाठलं. त्यात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात; बहुतेकांत 22 वेळा, रुग्णांत साधारण 33 किंवा अधिक. अवघ्या दहा-अकरा जादा आवर्तनांनी प्रथिन बिघडतं आणि लहान मेंदूतल्या, मेंदूच्या देठातल्या पेशी झिजू लागतात. आवर्तनं पुढच्या पिढीत वाढू शकतात. मग बापाला चाळिशीत गाठणारा आजार मुलाला विशीतही गाठतो.

जनुकांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीच्या बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या जिवाणूचं जनुक पिकात घातलेलं. या आजारावर उपचार शोधायचा तर काम उलटं, आणि माझ्या मते अधिक अवघड: नवं काही घालायचं नाही, असलेल्या जनुकाला गप्प करायचं, तेही मेंदूत. त्याचा निरोप नेणाऱ्या आरएनएला नेमका चिकटेल असा छोटा रेणू बनवतात. तो चिकटला की पेशीतलंच विकर त्या निरोपाचे तुकडे करतं. 2017 मध्ये या युक्तीनं आजारी उंदरांची हालचाल सुधारली. माणूस म्हणजे मोठा उंदीर नव्हे. एएलएस या चेतापेशींच्या आजारातही हेच जनुक गुंतलेलं आहे. त्या रुग्णांवर तपासलेलं असंच एक औषध 2024 मध्ये मागं घेतलं गेलं.

क्युबातल्या ओल्गीन प्रांतात हा आजार जगात सर्वाधिक आढळतो. तिथल्या वैज्ञानिकांनी दोष असलेल्या, पण ठणठणीत चालणाऱ्या माणसांच्या नजरेचा वेग यंत्रानं मोजला. तोल जायच्या कित्येक वर्षं आधीच तो मंदावू लागलेला होता.